डोक्यावर वीतभर

जावयाच्या दुसऱ्या लग्नाची पार्टी, आणि दिव्यांच्या माळा लावणार सासरा! शेजारीणबाईंनी हे ऐकलं तेव्हा झाडांना पाणी घालता घालता त्या थांबल्याच.

"तुम्ही? स्वतः?"

"मग काय, तुमच्या यजमानांना शिडीवर चढवू?" मी म्हणालो.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही बाईंची जुनी खोड. पण खरं सांगायचं तर या वेळी त्यांचं काही चुकलं नव्हतं. असा सासरा मीही कुठे पाहिलेला नाही.

उभा जन्म मी हेच काम केलं. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं. उघड्यावर चार माणसं जमणार असली की माळा माझ्या. आता हात कापतात, शिडीच्या वरच्या पायरीवर पूर्वीसारखं बिनधास्त उभं राहता येत नाही. तरी माझ्या अंगणात दुसऱ्या कुणी माळा लावलेल्या मला बघवल्या नसत्या. तसं मी जावयांना सांगून टाकलं. "बाबा, तुम्हाला त्रास होईल," असं त्यांनी एकदोनदा म्हणून पाहिलं आणि मग ते गप्प बसले. कसला त्रास ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझी मुलगी जाऊन दोन वर्षं झाली. एकुलती एक. लग्नानंतरही ती याच घरात राहिली, जावई इथे राहायला आले, नात इथेच झाली. नातीचं शाळेतलं नाव काहीही असो, घरात ती भिंगरी, कारण एका जागी उभी राहील तर शपथ. मुलगी गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. जावई कामावर, भिंगरी शाळेत, आणि दोघं परत येईपर्यंत घरात मी एकटा. मग कामानिमित्त जावयांची एका बाईशी ओळख झाली. ती मोजणीखात्यात आहे, लोकांच्या जमिनी मोजते. नोकरी आणि घर दोन्ही दुसऱ्या गावी. कचेरीत जाऊन सह्या करून दोघांनी लग्न केलं. पार्टी तेवढी आमच्या अंगणात, कारण भिंगरीने तसा हट्ट धरला. आणि पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जावई त्या गावी कायमचे राहायला जाणार होते.

भिंगरीचं काय, हा खरा प्रश्न होता.

जावई माणूस सरळ. ते म्हणाले, "बाबा, ओढाताण नको. तिलाच विचारू. तुमच्याजवळ राहते म्हणाली तर राहू दे, मी सुट्टीला येत जाईन. आमच्याबरोबर येते म्हणाली तर..." पार्टीच्या दिवशी, लोक यायच्या आधी, आम्हा सगळ्यांच्या समोर तिला विचारायचं असं ठरलं. मी मान डोलावली आणि त्याच घटकेपासून लबाडीला लागलो.

खोटं कशाला बोलू, त्या माळा नव्या नवरीसाठी नव्हत्याच. त्या पोरीला हे अंगण सोडवू नये, एवढ्याचसाठी होत्या.

"तू जागा सांगायची, मी दिवा लावायचा," मी तिला म्हणालो. तिला आधी खरंच वाटेना. मग तिने असा काही हुकूम चालवला की यंव रे यंव. कुंपणावर पिवळे. पायरीवर पिवळे. पाण्याच्या टाकीवरसुद्धा पिवळे. आणि तुतीच्या झाडात हिरवे. हिरव्या उजेडात माणसं आजारी दिसतात, हे मी गिऱ्हाइकांना जन्मभर पटवत आलो. कुणी हिरव्या दिव्यांचा आग्रह धरला तर मी काम सोडून दिलंय. पण भिंगरी म्हणाली हिरवे, तर हिरवे. मुकाट्याने लावले. कागदाचे कंदील आम्ही ओट्यावर बसून केले. पिठाची खळ शिजवताना तिने निम्मी स्वतःच्या केसांना फासली. झाडाच्या फांदीला जुना झोका होता, त्याचे दोर बदलले, फळीला रंग दिला. रंग वाळायच्या आत ती त्यावर बसली आणि उठली ती निळी होऊन. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीणबाई खिडकीत आल्या.

तुतीला नेमका तेव्हाच बहर. पिकलेली फळं टपाटप पडत होती, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर तुतीचा डाग पडला की तो जन्मात जात नाही. म्हणून टेबलांच्या वर जुन्या चादरी ताणून बांधल्या. चादरीत साठलेली फळं भिंगरी काठीने खालून उडवायची आणि तोंडाने झेलायची. तोंड, गळा, फ्रॉक, सगळं जांभळं. "आबा, हे असं तिकडे आहे का?" तिने एकदा विचारलं.

"तिकडे कुठलं? तिकडे साधं गवत नाही," मी दडपून दिलं. त्या गावात मी पाऊलही ठेवलेलं नाही.

आता मापाचं सांगतो, कारण घोळ तिथेच झाला. गिऱ्हाइकाकडे मी माळा उंच लावायचो, घरी मात्र खाली. उंच दिव्याचा उजेड आभाळाला जातो, खालचा माणसाच्या तोंडावर पडतो, आणि घरच्या माणसांची तोंडंच तर बघायची असतात. घरचं माप ठरलेलं होतं. मुलगी माळेखाली उभी राहायची, मी तिच्या डोक्यावर वीत उभी धरायचो, आणि करंगळी जिथे पोचेल तिथे माळेचा झोळ. ती लहान होती तेव्हा दर वर्षी खिळे वर सरकवायला लागायचे. पण ती आईवर गेली, बुटकीच राहिली. तिची वाढ थांबली तेव्हा ते माप माझ्या भुवयांपाशी येऊन थांबलं. मग तिला उभं करायची काही गरज नव्हती, तरी प्रत्येक वेळी ती हातातलं काम टाकून यायची, ताठ उभी राहायची आणि म्हणायची, "घ्या माप, शिंपीबुवा." जावई बेताच्या उंचीचे, त्यांना काही अडचण नव्हती. मी आणि उंच पाहुणे वाकून चालायचो. वाकल्याने कुणी मरत नाही.

या वेळी माझ्या भुवया होत्या, त्यांवर काम भागवलं. देवाशपथ सांगतो, मुद्दाम काही केलं नाही. हातांना दुसरी जागा माहीतच नव्हती.

पार्टीच्या दिवशी सकाळी ती बाई घडीच्या खुर्च्या घेऊन आली. मी तिला आजवर बैठकीच्या खोलीत बसलेलीच पाहिली होती, त्यामुळे ती माझ्याएवढी उंच आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन ती फाटकातून आत शिरली आणि पहिल्याच माळेचा दिवा टणकन् तिच्या कपाळावर बसला.

"लागलं का?" जावई धावले.

"नाही हो, कुठे काय." तिने खुर्च्या खाली ठेवल्या आणि वर पाहिलं. डोळे मोजणीचे, एका नजरेत या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पाहून घेतलं. मग मला म्हणाली, "माळ जरा खाली आलीये का? मी धरते, वर घेऊ या."

"खाली आलेली नाही. तिची जागाच ती आहे."

"बाबा, अगदी थोडीशी वर..." जावई म्हणाले.

"मग तुम्हीच लावा की! मला कशाला शिडीवर नाचवलं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पक्कड खिशात कोंबून मी घरात आलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. जावई माळेकडे बघत उभे होते. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला, आणि मला कळलं की त्यांना ते माप ओळखू आलं. त्यांनी बायकोला हलकेच काहीतरी सांगितलं. तिने मान हलवली आणि खुर्च्या उचलल्या.

त्यानंतर ती दुपारपर्यंत वाकून वावरत होती. टेबलं मांडताना, टेबलक्लॉथच्या कोपऱ्यांना चिमटे लावताना, सरबताचं मोठं भांडं उचलून नेताना. हात रिकामे नसले की तिला माळ दिसायची नाही आणि दिवा लागायचा. एकदा कानाला लागला, एकदा केसांत अडकला. तोंडातून शब्द नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटत होतं. या अंगणात यायचं तर वाकून या, असं मनातल्या मनात म्हणत मी गूळ खाल्ल्यासारखा बसलो होतो.

दुपारी माझा डोळा लागला. ऊन उतरायला लागलं तशी दिवे तपासायला मी बाहेर आलो, आणि पाहिलं तर ती बाई सरळ चालत होती. तिच्या पुढे भिंगरी. कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू द्यायची ती बेचक्याची लांब काठी तिने दोन्ही हातांत धरली होती. बाई बशांची चवड घेऊन निघाली की ही पुढे पळायची, बेचक्यात माळ पकडून वर उचलायची, चवडे उंचावून तशीच थांबायची, बाई खालून गेली की पुढच्या माळेकडे पळायची. दुपारपासून हेच चाललं असावं. काठी तिच्या दुप्पट. दंड लटलट कापत होते.

मी तिला झाडामागे गाठली.

"हात दुखत नाहीत का गं?"

"दुखतात."

"मग कशाला करतेस?"

"मावशीला लागतं ना सारखं. कपाळावर टेंगूळ आलंय, तू बघितलं नाहीस?"

"मग मला सांगायचं, आबा, माळ वर घे म्हणून. मी लावलीये, मीच काढली असती."

ती काठीच्या टोकाने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "ती आईच्या डोक्याची आहे. वर घेतलीस तर तुला रडू येईल."

मला वाटत होतं, ते माप आम्हा मोठ्यांनाच ठाऊक आहे. पोरीला माहीत होतं. दुपारपासून ती काठी घेऊन पळत होती ती दोघांसाठी, तिकडे टेंगूळ येऊ नये आणि इकडे माझ्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून. तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि शिडी आणायला गेलो.

"अहो, इकडे या जरा," मी त्या बाईला हाक मारली. "इथे उभ्या राहा. माळेखाली."

ती येऊन उभी राहिली. वीत धरायची म्हणजे आधी अंगठा डोक्याला लावायला लागतो. मी हात वर केला आणि तो मधेच थांबला. मुलीच्या डोक्यावर शेवटचा हात मी दवाखान्यात फिरवला होता, तेव्हा तिचे केस घामाने चिकट झाले होते, ते आठवलं आणि भिंगरी म्हणाली होती तसंच झालं. भर अंगणात मला रडू कोसळलं. ती बाई हलली नाही, सांत्वन करायला गेली नाही. मोजणीतल्या माणसाला स्थिर उभं राहणं ठाऊक असावं. माझा हात नीट टेकेपर्यंत ती तशीच ताठ उभी राहिली.

"मला आधीच कळलं असतं तर मी तो विषयच काढला नसता," ती हळूच म्हणाली. "वाकायची सवय झाली असती."

"नको. एवढ्या उंच बाईने वाकून चाललेलं वाईट दिसतं."

ती हसली. मी शिडीवर चढलो, तिने खालून शिडी धरली, जावयांनी दुसरी टोकं सोडली, आणि एकेक करून सगळ्या माळा वर गेल्या. काम संपल्यावर मी खाली उभा राहून पाहिलं. अंगण वाईट दिसत नव्हतं. पण मला ते ओळखू येत नव्हतं.

मग विचारायची वेळ आली. तुतीखालच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो. जावयांनी भिंगरीला समोर उभं केलं, तिचे हात हातात घेतले आणि सांगितलं, घाबरायचं नाही, तुला जे वाटतं ते सांगायचं, कुणी रागावणार नाही. बाईने मान खाली घातली होती.

"मी आबाजवळ राहणार," भिंगरी म्हणाली.

मला जो आनंद झाला तो सांगू कसा? जावयांसमोर हसू नये एवढंही भान मला राहिलं नाही. जावयांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ते "बरं बाळा" म्हणाले आणि तिचा पापा घेतला. तिथेच थांबलो असतो तर पोर आज माझ्याजवळ असती. पण मला हाव सुटली. झोका म्हणेल, हिरवे दिवे म्हणेल, तुती म्हणेल, ते सगळ्यांसमोर तिच्या तोंडून ऐकावं असं वाटलं.

"का गं? का राहायचंय इथे?" मी विचारलं.

"तू आईच्या खोलीत जाऊन बसतोस ना," ती म्हणाली, "दार लावून. मग मी हाक मारते, आबा भूक लागली. मग तू उठतोस आणि मला वाढतोस आणि तू पण जेवतोस. मला भूक नसते, आबा. पण हाक मारली नाही तर तू उठतच नाहीस. मी एकदा करून बघितलं होतं. अंधार पडला तरी तू आतच होतास." मग तिने बापाकडे वळून समजावून सांगितलं, "म्हणून मला येता नाही येणार."

येता नाही येणार. तिला यायचं होतं.

आपण पोर सांभाळतो म्हणून मी गावभर मिरवत होतो. आणि ते पिल्लू भूक नसताना जेवत होतं, मला जेवायला घालायला. आणखी दोन-चार वर्षं अशी गेली की ती हसायची विसरली असती, आणि लोक म्हणाले असते, किती समजूतदार मुलगी.

प्रेमाने सांगून ती जाणार नव्हती, हे मला कळत होतं. आपलंच रक्त ते. लाडीगोडी लावली असती तर तिने आणखी घट्ट धरलं असतं. म्हणून मी खुर्ची मागे लोटून उभा राहिलो.

"हे बघा, जावईबापू," मी आवाज चढवला, "तुम्ही सगळ्यांना विचारलंत, मला विचारलंत का? या वयात मी पोर सांभाळायची? तिचे डबे, तिची शाळा, तिची कटकट? मला नाही जमणार. मला माझ्या घरात शांतता हवीये. घेऊन जा तिला."

"बाबा! काय बोलताय तुम्ही?" जावई ताडकन उठले. बाईने त्यांच्या दंडावर हात ठेवला. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलं होतं.

भिंगरी पांढरीफटक पडली. "तू खोटं बोलतोयस," ती म्हणाली.

"खोटं कशाला बोलू? तू आलीस की माझी झोपमोड होते. जा तू."

ती माझ्यासमोर रडली नाही. "मी तुझ्याशी बोलणारच नाही. कधीच नाही," असं म्हणून ती आत पळाली. बाई तिच्या मागे गेली. जावई पाहुण्यांसाठी फाटक उघडायला गेले.

पार्टी छान झाली, असं सगळे म्हणाले. तिन्हीसांजेला मी बटण दाबलं आणि अंगणभर माणसांच्या तोंडावर उजेड पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरव्या दिव्यांखाली सगळे थोडे आजारी दिसत होते. भिंगरी नव्या फ्रॉकमध्ये त्या बाईच्या मांडीवर बसली होती आणि बाई तिला केक भरवत होती. पोरीने सगळ्या माळा पाहिल्या, एकेक कंदील पाहिला, बटणापाशी मी उभा होतो तिकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

"बघा, नवी आई मिळाली तशी आजोबाला विसरली," शेजारीणबाई माझ्या कानाशी लागल्या. "पोरांची जातच अशी."

"विसरली ना? बरं झालं," मी म्हणालो.

थोड्या वेळाने ती बाई माझ्यासाठी ताट वाढून घेऊन आली. ताट माझ्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली.

"ती विचारेल मला," ती म्हणाली. "आज नाही, पण विचारेल. काय सांगू?"

"सांगा, म्हातारा तिरसट आहे."

"आणि खरं कधी सांगायचं?"

मी विचार केला. "तिला माझी काळजी वाटेनाशी झाली, की मग सांगा."

"जेवा तुम्ही," एवढंच म्हणाली आणि परत गेली. भिंगरी तिची वाटच बघत होती. बाई बसताच ती तिच्या कुशीत शिरली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.